आधी लगीन सातबाऱ्याचं

घरातलं कोणी गेलं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, ही रीत बहुतेकांना माहीत आहे. जमीनजुमला असलेल्या घरांत या रीतीला आणखी एक अट जोडलेली असते आणि ती उघडपणे कोणी सांगत नाही. लग्नाआधी मुलीने हक्कसोडपत्रावर सही करायची. माझे वडील २०१४ च्या पावसाळ्यात गेले आणि तेराव्याची पंगत उठते न उठते तोच या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत माझ्यापुढे आल्या. मी दोन्हींना नकार दिला. तो नकार निभावण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. कुठे काय कागद लागले, कुठे कोण आडवं आलं, कशाने वाट मोकळी झाली, हे लिहून ठेवते आहे. तेव्हा मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

आमचं घर साताऱ्याकडचं, जुन्या देशमुखीचं. वतनं १९५१ साली गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळांकडच्या जमिनी कुळांच्या झाल्या, आणि ते योग्यच झालं असं माझे वडील म्हणत. मागे राहिली ती खुद्द कसत असलेली जमीन, एका बाजूने ढासळलेला चौसोपी वाडा आणि मानपान. गावची पालखी अजून आमच्या देवडीपाशी थांबते. घरात लहानांनाही अहोजाहो करतात, मला रागावतानासुद्धा 'ताईसाहेब, तुम्ही' असंच म्हणतात. त्याच अदबीने, आवाज जराही न चढवता, तो कागद माझ्यापुढे सरकवला गेला.

मी तो नीट वाचला होता. वर २०० रुपयांचा मुद्रांक, खाली सगळ्या गटांचे नंबर आणि चतुःसीमा, मग मजकूर: राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता मी माझा संपूर्ण हक्क कायमचा सोडत आहे. तारखेची जागा कोरी. माझं नाव टाइप केलेलं, खाली माझ्या आईचंही. माझे थोरले चुलते, आबासाहेब, म्हणाले, "लग्न आपल्या इतमामाला शोभेल असंच करू. खर्चाचं तुम्ही मनातही आणू नका. एवढी सही झाली की सगळ्यांची मनं मोकळी होतील." कागदावरचे गट नंबर एवढे बिनचूक होते की ते टाइप करून घ्यायला कोणीतरी सुतकातच तालुक्याला जाऊन आलं असणार. ते लक्षात आलं आणि माझे हातपाय गार पडले.

वडिलांना मी एकटीच. पुण्यात माझी नोकरी होती, माझं पोट मी भरत होते. म्हणून मला नाही म्हणता आलं, हे मी विसरत नाही. वाड्यातच राहणारी, दोन वेळचं त्याच चुलीवर जेवणारी मुलगी असती तर तिने काय केलं असतं, मला माहीत नाही.

स्थळं यायला लागली ती आबासाहेबांच्याच ओळखीतून. घराणी तोलामोलाची होती, मुलं शिकलेली होती. पण एका स्थळाने पत्रिकेबरोबर आठ-अ चा, म्हणजे खात्यावरच्या एकूण जमिनीचा, उताराही मागवला. दुसऱ्या घरच्या बैठकीत मला शिक्षण विचारलं, नोकरी विचारली आणि मग मुलाच्या मामांनी आबासाहेबांकडे वळून विचारलं, विहिरीचा गट कोणाच्या वाटणीला येतो. भाऊबंदांना माझी सही लग्नाच्या आधी हवी होती आणि येणाऱ्या स्थळांना माझी जमीन लग्नाच्या नंतर हवी होती. दोघांच्याही हिशेबात मी होते ती जमिनीला जोडलेली म्हणून. मी लग्नाच्या विरोधात कधीच नव्हते, आजही नाही. पण ज्या लग्नाची तारीख आणि दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड नोंदवायची तारीख एकमेकींना बांधलेली आहे, ते लग्न मला करायचं नव्हतं. माझं आणि आईचं नाव सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरात, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, लागेपर्यंत लग्नाची बोलणी बंद, असं मी सांगून टाकलं. आबासाहेब उठून गेले. आईसाहेब, ज्या आयुष्यभर सोप्यात पुरुषमाणसांसमोर बसल्या नव्हत्या, त्या रात्री मला म्हणाल्या, "आधी लगीन कोंडाण्याचं म्हणाले ना सुभेदार? तसं तुमचं आधी लगीन सातबाऱ्याचं. मी आहे."

पहिला धक्का उताऱ्यानेच दिला. आजोबा १९९८ मध्ये गेले तेव्हापासून सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून एकच नाव होतं, आबासाहेबांचं, आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. माझ्या वडिलांचं नाव होतं ते उजवीकडे, 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या बोजाच्या खाली. ते हयात असताना याचं कोणाला काही वाटलं नाही, भाऊ भाऊ एकत्रच होते. पण ते गेल्यावर आमची वारस नोंद होणार तीही त्याच उजवीकडच्या रकान्यात. खेड्यापाड्यांत हजारो बायकांची नावं अशीच त्या रकान्यात पडून आहेत. नाव लागलं म्हणून त्या निश्चिंत असतात, आणि पीककर्ज, नुकसानभरपाई, विक्रीची बोलणी, सगळं होतं ते डावीकडच्या नावाशी. तुमचं नाव उताऱ्यावर असेल तर ते कोणत्या बाजूला आहे, एवढं आजच पाहा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो.

वारस नोंदीचा अर्ज अवघड नसतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आठ-अ, एवढ्यावर तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) तो गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, घेतो, चौकशी होते, फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मी वारस नोंदीबरोबरच ए.कु.मॅ. काढून सगळ्या सहहिस्सेदारांची नावं कब्जेदार सदरात लावावीत असा अर्ज दिला. हरकत आलीच. नोंद तक्रारी झाली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी ती रद्द केली: हक्काबाबत दिवाणी न्यायालयात दाद मागावी. तो आदेश हातात घेऊन मी त्या कार्यालयाच्या पायरीवर बसले होते तेव्हा तिथल्याच एका म्हाताऱ्या कोतवालाने सांगितलं, "ताई, साठ दिवसांत प्रांताकडे जा. आणि जुने फेरफार काढा, सगळं त्यातच असतं." महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खालचं ते अपील मी मुदतीत केलं. कोतवालाचा दुसरा सल्ला पहिल्यापेक्षाही मोलाचा ठरला.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार काढायचे म्हणजे अर्ज, नक्कल फी आणि भरपूर चिकाटी. कापडात बांधलेले गठ्ठे, कडेला वाळवी लागलेली, अलीकडची पानं बाळबोध, त्यामागची मोडीत. आजोबांच्या पश्चात झालेल्या फेरफारात वारस म्हणून चारही नावं स्वच्छ लिहिलेली होती: आजी, आबासाहेब, माझे वडील आणि आत्या. खाली शेरा होता की कुटुंब एकत्र असून थोरल्या मुलाचं नाव मॅनेजर म्हणून लावण्यास सर्वांची संमती आहे. त्या एका ओळीने पुढे आमचा दावा तारला.

वाड्यातल्या दप्तरातही शोधलं. तिथे एका अर्जाची नक्कल मिळाली आणि ती मी वकीलबाईंकडून समजून घेतली. आमच्या घरातल्या कोण्या एका लेकीने वडिलांच्या पश्चात वतनावर हक्क सांगितला होता आणि तो १८८६ च्या पाचव्या कायद्यावर बोट ठेवून फेटाळला गेला होता. मुंबई इलाख्यात मुलगा आणि विधवा दोन्ही मागे नसतील तर विभक्त बापाची मालमत्ता लेकीला मिळे, आणि ती पूर्ण मालकीने मिळे. बाकी हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी लेकीचा हक्क तिच्या हयातीपुरता असताना आपल्याकडे ही स्थिती होती. वतनदार घराण्यांत मात्र त्या कायद्याने शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून घरातल्या प्रत्येक स्त्रीला घराण्यातल्या प्रत्येक पुरुष वारसाच्या मागे लोटलं. विधवेलाही मोकळीक कुठली, १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यातच लिहिलेलं होतं की दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल. जेवढं घराणं मोठं तेवढी त्यातली बाई जमिनीपासून लांब. त्या नकलेवर त्या लेकीचं स्वतःचं नाव नाही, नुसतं 'कन्या' आहे. ती पुढे कुठे गेली, कशी राहिली, याचा एकही कागद दप्तरात नाही. मी पुष्कळ शोधला.

प्रांताधिकाऱ्यांनी अपील मंजूर केलं. आबासाहेब त्याविरुद्ध वर गेले. पण इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, जी मला आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितली: फेरफाराने मालकी मिळत नाही आणि फेरफार नसल्याने ती जातही नाही. ती महसुली नोंद आहे. मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयच करतं. म्हणून त्यांनी एकीकडे वाटपाचा दावा दाखल केला, त्यातच मनाईचा अर्ज दिला, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली की या गटांमध्ये आमचा अविभक्त हिस्सा आहे, कोणी परस्पर व्यवहार करू नये. त्या नोटिशीने गावात फार बोलबाला झाला. देशमुखांच्या घरचं पेपरात आलं, याचं दुःख कित्येकांना माझ्या वडिलांच्या जाण्यापेक्षा जास्त झालेलं दिसलं.

त्या काळातला त्रास मारहाणीचा किंवा शिवीगाळीचा नव्हता. त्या वर्षी पालखी देवडीशी थांबली तेव्हा ओवाळायला आईसाहेबांना बोलावलं नाही, चुलतभावाच्या बायकोला पुढे केलं. विहिरीच्या मोटारीची किल्ली आमच्या गड्याला मिळेनाशी झाली. नात्यातल्या बायका पुण्याला येऊन माझ्या खोलीत बसून रडायच्या, "जमीन काय उरावर न्यायची आहे का? वय निघून चाललंय." मला कोणीतरी आवडतो आणि तो आपल्यातला नाही म्हणून मी हे करते आहे, अशीही वदंता उठली. खरी असती तरी तिचा सातबाऱ्याशी काय संबंध होता? या सगळ्यात आईसाहेब एकदाही 'मिटवून टाका' म्हणाल्या नाहीत. त्या शिकलेल्या सातवीपर्यंत. प्रत्येक तारखेला मी कोर्टातून फोन केला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: आज काय लिहून घेतलं?

दाव्यात आबासाहेबांनी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली की दोघा भावांत फार पूर्वीच तोंडी वाटणी झाली होती, बागायत त्यांच्याकडे आणि माळाची जिरायत माझ्या वडिलांकडे. ही ढाल जुनी आहे आणि ती का पुढे येते हे समजायला कायद्याच्या तारखा माहीत हव्यात. वारसा कायदा १९५६ चा, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, नव्हती. महाराष्ट्राने आपली दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू केली आणि मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. त्यातही एक अट होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला तो नाही. माझी आत्या १९९३ च्या मार्गशीर्षात उजवली गेली होती. मी तेव्हा शाळेत होते. एकाच घरातल्या दोन लेकी, एकीला हक्क आणि एकीला नाही, आणि मधे फक्त लग्नाची तारीख. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली तेव्हा लग्नाचा हा भेद गेला, मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. त्यामुळे लेकींनी दावा केला की त्या तारखेआधीची एखादी तोंडी वाटणी आठवू लागते. कायद्यात वाटणीचा अर्थ नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी, असा दिलेला आहे. तरीही वाद चालत राहिले.

कोविडमुळे कोर्ट जवळजवळ बंद असताना, ११ ऑगस्ट २०२० रोजी, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा निकाल आला. मुलीचा हक्क जन्माचा आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, आणि तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मानू नये, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद म्हणून मानावा. वकीलबाईंनी मला फोनवर तो परिच्छेद वाचून दाखवला. १९९८ च्या फेरफारातला 'कुटुंब एकत्र असून' हा शेरा आणि त्यानंतरची सगळी ए.कु.मॅ. ची नोंद, म्हणजे आबासाहेबांचेच कागद त्यांच्या तोंडी वाटणीच्या विरुद्ध बोलत होते.

आणि आत्या साक्षीला आली. तिने आजोबा गेल्यावर दोन्ही भावांच्या नावे हक्कसोड दिलेली होती, त्यामुळे तिला मिळायचं काही नव्हतं आणि गमवायचं माहेर होतं. उलटतपासात तिला विचारलं, वाटणी झाली तेव्हा तुम्ही सासरी होतात, तुम्हाला कसं कळणार? ती म्हणाली, "मी सही दिली तेव्हा दोन्ही दादा शेजारी बसले होते. कागदात एकत्र कुटुंब असं लिहिलं होतं. वाटणी झाली असती तर माझी सही दोघांच्या नावे कशाला घेतली असती?" त्या हक्कसोडपत्राची नक्कल आम्ही दाखल केलेलीच होती. आत्याने स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. मी तिला विचारलं होतं, वकीलबाईंनीही विचारलं होतं. ती नको म्हणाली, आणि ते मला आजही बरं वाटत नाही.

तिच्या साक्षीनंतर आबासाहेबांकडून तडजोडीचा निरोप आला. तडजोड हुकूमनामा झाला: आमच्या शाखेचा निम्मा हिस्सा, विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरवून लिहिलेल्या, वाड्याचा पूर्वेकडचा सोपा आणि त्यामागच्या खोल्या आमच्याकडे. सारा लागणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोर्ट स्वतः करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून तहसीलदार व भूमी अभिलेखकडे. भूकरमापक रोव्हर, म्हणजे मोजणीचं यंत्र, घेऊन आले, हद्दीच्या खुणा रोवल्या, आबासाहेब बांधावर छत्री धरून उभे होते. पाण्याच्या पाळ्या लिहून घ्यायचा आग्रह वकीलबाईंचा. जमीन मिळते आणि पाणी मिळत नाही, असं बायकांच्या बाबतीत त्यांनी फार पाहिलेलं होतं. नवा फेरफार प्रमाणित झाला त्या दिवशी उतारा काढून मी आईसाहेबांना दिला. त्यांनी आधी डावीकडचा रकाना पाहिला.

नाव लागल्यावरही एक काम उरतं. बहुतेक जणी ते करत नाहीत. स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता कोणाकडे जाते, हे वारसा कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. मुलंबाळं असतील तर त्यांना आणि नवऱ्याला. पण मूल नसेल तर आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे मला मूल नसेल तर आईसाहेबांच्या पश्चात, मी लग्न करो वा न करो, माझ्या हिश्शाची जमीन आपोआप वडिलांच्या भावंडांकडे, आणि ती नसतील तर त्यांच्या मुलांकडे वळेल. मी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं आणि नोंदवलं. कोणाला काय दिलं ते घरात फक्त आईसाहेबांना माहीत आहे.

माझं लग्न झालेलं नाही. जमिनीचा प्रश्न मिटल्यावर दोन-तीन स्थळं आली, त्यांतल्या एकाशी माझं बोलणं बरेच महिने चाललं आणि पुढे गेलं नाही, त्याला जमीन कारण नव्हती. आठवड्यातले काही दिवस मी गावी असते, बागायतीचं मीच पाहते. आबासाहेबांशी बोलणं जुजबी आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याच धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. ती एका संध्याकाळी पुण्याला माझ्याकडे आली आणि तिने मोबाइलमध्ये फोटो दाखवला. तेच गट नंबर, तोच 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने', मुद्रांक तेवढा आता ५०० चा. मी तिला सही कर किंवा करू नकोस असं काही म्हटलं नाही. तिला वकीलबाईंकडे घेऊन गेले आणि तिचे प्रश्न संपेपर्यंत बाहेर बसले. घरी जाऊन तिने वडिलांना स्वतःच सांगितलं, आणि होणाऱ्या नवऱ्यालाही सांगितलं की ती सही करणार नाही आणि जमीन त्याच्याही नावावर होणार नाही. आबासाहेब दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या सासरच्यांनी आठवडाभर वेळ घेतला आणि मग मुहूर्त कळवा म्हणून निरोप पाठवला. लग्न वाड्यातच झालं, मी आणि आईसाहेब दोघी गेलो होतो. हक्कसोडपत्रावर तिची सही झालेली नाही.